शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये... आणि देशाने?



काही दिवसांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात परिपाठाच्या वेळी एका मुलीने वर्तमानपत्रातली बातमी वाचली. सिंधू पाणी कराराबाबत हेगमधल्या एका लवाद न्यायालयाने निकाल दिला आणि भारताने तो फेटाळला, एवढीच बातमी. मी पुढच्या बातमीकडे वळणार तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, कोर्टाचा निकाल फेटाळता येतो?"

मी म्हटलं, "आपल्या देशाला तो मान्य नाही."

तो म्हणाला, "मग आमच्या बापूंना पण तालुक्याच्या कोर्टाचा मान्य नाही. त्यांनी पण फेटाळला तर चालेल?"

वर्ग हसला, मीही हसले. पण आदल्याच आठवड्यात याच वर्गाला ‘कायद्यापुढे सगळे सारखे’ असं शिकवलेलं होतं. तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न सुटेना. मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरत असतात. एक म्हणतो, ही आंतरराष्ट्रीय कोर्टं म्हणजे बड्या देशांची नाटकं, त्यांना कचऱ्याच्या टोपलीत टाका. दुसरा म्हणतो, बघा, जागतिक न्यायालयात भारताचा डंका वाजला! गंमत म्हणजे दोन्ही मेसेज बऱ्याचदा एकच माणूस पाठवतो, निकाल कुणाच्या बाजूने लागला ते पाहून. मुलांना यातलं काय सांगायचं? म्हणून थोडं वाचन केलं. ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक घोळ दूर करू, कारण तो आपल्या शिक्षकांच्याही डोक्यात असतो. नेदरलँड्समधल्या हेग या शहरात एकापेक्षा जास्त ‘कोर्टं’ आहेत. संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय न्यायालय हे देश विरुद्ध देश असे खटले चालवतं. तिथे १५ न्यायाधीश असतात, प्रत्येकाची मुदत ९ वर्षं. दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, ते युद्धगुन्हे, वंशसंहार यांसाठी माणसांवर खटले भरतं. तिसरी संस्था म्हणजे लवादाचं कायमस्वरूपी न्यायालय. नाव ‘न्यायालय’ असलं तरी ते प्रत्येक वादासाठी वेगळे पंच बसवून देणारं कार्यालय आहे. वर्तमानपत्रात तिघांनाही ‘हेगचं न्यायालय’ म्हणतात आणि आपण गोंधळतो.

आता बापूंच्या कोर्टात आणि या कोर्टांत फरक काय? तालुक्याच्या कोर्टाचं समन्स आलं की जावंच लागतं. बापूंना कोणी विचारत नाही की, बाबा, हे कोर्ट तुम्हाला चालेल ना? निकाल पाळला नाही तर बेलीफ येतो, मागे पोलीस असतो. देशांच्या कोर्टात तसं नाही. तिथे खटला चालायला आधी देशाची संमती लागते. ती तीन प्रकारे मिळते. दोन्ही देश मिळून तो वाद कोर्टाकडे नेतात. किंवा एखाद्या करारातच लिहिलेलं असतं की, या करारावरून भांडण झालं तर ते हेगला न्यायचं. तिसरा प्रकार म्हणजे देश आधीच घोषणापत्र देऊन ठेवतो की, आम्हाला या न्यायालयाचा अधिकार मान्य आहे, पण अमुक अमुक बाबी सोडून. या ‘सोडून’ शब्दातच परराष्ट्र धोरणाची सगळी मेख आहे.

आणि पोलीस? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ९४व्या कलमात लिहिलंय की निकाल पाळला नाही तर दुसरा पक्ष सुरक्षा परिषदेकडे जाऊ शकतो. पण तिथे पाच देशांना नकाराधिकार आहे. म्हणजे आरोपी त्या पाचांपैकी असेल, किंवा त्यांचा मित्र असेल, तर विषय संपला. १९८६ मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात न्यायालयाने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला, तेव्हा अगदी हेच घडलं.

पहिला चटका

स्वतंत्र भारत अशा संस्थांकडे सुरुवातीला संशयाने बघत नव्हता, उलट भाबड्या विश्वासाने गेला होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानातून टोळीवाले काश्मीरमध्ये घुसले. १ जानेवारी १९४८ ला भारताने स्वतःहून सुरक्षा परिषदेत तक्रार नेली. म्हणणं साधं होतं : पाकिस्तान आक्रमकांना मदत करतोय, त्याला थांबवा. म्हणजे आपण फिर्यादी होतो.

तीन आठवड्यांत चित्र बदललं. विषयपत्रिकेवर ‘जम्मू-काश्मीरचा प्रश्न’ असं नाव होतं, ते २२ जानेवारीला ‘भारत-पाकिस्तान प्रश्न’ असं झालं. चोरीची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जावं आणि डायरीत ‘दोन शेजाऱ्यांचं भांडण’ अशी नोंद व्हावी, तसं काहीसं. एप्रिलमधल्या ४७ क्रमांकाच्या ठरावात पाकिस्तानने आधी आपली माणसं मागे घ्यावीत, मग भारताने सैन्य कमी करावं, मग सार्वमत, असा क्रम होता. पहिली पायरीच नीट पूर्ण झाली नाही आणि पुढचं सगळं अडकलं. कोण चूक यावर पुढची कित्येक वर्षं भाषणं होत राहिली.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच सुरक्षा परिषदेत पुढे सोव्हिएत संघाने भारताच्या बाजूने नकाराधिकार वापरला. काश्मीरबाबत १९५७ आणि १९६२ मध्ये आणि गोवामुक्तीच्या वेळी डिसेंबर १९६१ मध्ये. गोव्यात सैन्य गेलं तेव्हा युद्धबंदीच्या आणि सैन्य मागे घेण्याच्या ठरावाच्या बाजूने सात मतं पडली होती, विरोधात चार. सोव्हिएत नकाराधिकार नसता तर तो ठराव संमत झाला असता. म्हणजे ज्या नकाराधिकाराला आपण नावं ठेवतो त्याने आपल्यालाही वाचवलंय. मुलांना हे सांगायला लाजू नये.

पोर्तुगालने साधलेला डाव आणि पेशव्यांचा तह

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. आपल्या महाराष्ट्राशी आणि गोव्याशी थेट नातं असलेला हा खटला आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसा भेटत नाही.

दमण समुद्रकिनारी, पोर्तुगीजांच्या ताब्यात. दादरा आणि नगर हवेली आतल्या बाजूला, तेही पोर्तुगीजांकडे. मधली जमीन भारताची. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स आणि संघाचे स्वयंसेवक यांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. बाबासाहेब पुरंदरे, सुधीर फडके, राजाभाऊ वाकणकर ही नावं आपण या लढ्यात ऐकतो. बाबूजींनी या लढ्यासाठी पैसे उभे करायला गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यात लता मंगेशकर गायल्या, हेही अनेकांना माहीत असेल. भारताने पोर्तुगीज सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना आपल्या जमिनीवरून तिकडे जाऊ दिलं नाही.

पोर्तुगालने काय केलं पाहा. १४ डिसेंबर १९५५ ला तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ डिसेंबरला न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं घोषणापत्र दिलं. आणि २२ डिसेंबरला भारतावर खटला! तीन दिवसांत. भारतात इंग्रजांच्या काळातलं, १९४० चं घोषणापत्र तसंच चालू होतं. पोर्तुगालने घोषणापत्र दिल्याची रीतसर सूचना आपल्यापर्यंत येण्याआधीच आपण प्रतिवादी झालो होतो. दिल्लीने ७ जानेवारी १९५६ ला जुनं घोषणापत्र घाईघाईने रद्द करून नवं दिलं, पण वरात निघून गेली होती. खटला नोंदला गेला होता.

आपण सहा आक्षेप घेतले. त्यातला एक हाच होता की, ही कोर्टाच्या नियमांची चलाखी आहे. १९५७ मध्ये न्यायालयाने चार आक्षेप फेटाळले आणि दोन मुख्य सुनावणीसोबत ऐकायचं ठरवलं. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. या खटल्यापुरते भारताचे न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे छागला बसले.

पोर्तुगालचा दावा कशावर होता? १७७९ चा पेशव्यांशी झालेला तह आणि १७८३, १७८५ च्या सनदा! त्यांचं म्हणणं, मराठ्यांनी ही गावं आम्हाला दिली, म्हणजे सार्वभौमत्व दिलं. हेगमधल्या न्यायाधीशांपुढे ‘सरंजाम’ आणि ‘जहागीर’ या शब्दांचा कीस पडला. न्यायालयाने म्हटलं की मराठ्यांनी फक्त महसुलाचा हक्क, म्हणजे सरंजाम दिला होता, राज्य दिलं नव्हतं. पुढे इंग्रजांच्या राजवटीत मात्र पोर्तुगीजांचं राज्य तिथे मान्य केलं गेलं आणि माणसं-माल जाण्यायेण्याची वहिवाट पडली. ‘वहिवाट’ हा शब्द गावाकडच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. शेतातून जाणारी पायवाट किती वर्षं वापरली की हक्क होतो, यावर प्रत्येक गावात एक तरी भांडण असतंच.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, हे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरलं. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क नव्हता, हे ठरलं ८ विरुद्ध ७ मतांनी! आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही, हे ९ विरुद्ध ६ ने. म्हणजे आपण जिंकलो. पण मधलं मत एकाने फिरलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. पोर्तुगालला सशस्त्र माणसं नेण्याचा हक्क मिळाला असता आणि ज्यांनी सिल्वासा सोडवलं त्यांच्यावर पुन्हा तेच राज्य येण्याची वाट मोकळी झाली असती. ते एक मत दिल्लीतल्या लोकांच्या मनात घर करून राहिलं असेल, तर मला तरी त्यात आश्चर्य वाटत नाही.

पंचांनी दिलेला बांध

१९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात भारत-पाकिस्तान चकमकी झाल्या. ३० जूनला दोघांनी ठरवलं की हा सीमावाद तीन पंचांकडे द्यायचा. भारताने युगोस्लाव्हियाचा पंच नेमला, पाकिस्तानने इराणचा, अध्यक्ष स्वीडनचे. १९ फेब्रुवारी १९६८ ला निवाडा आला. पाकिस्तानने सुमारे साडेतीन हजार चौरस मैलांवर दावा केला होता, त्यातला जवळपास दहावा हिस्सा त्याला मिळाला. नव्वद टक्के आपल्याकडे राहिलं.

कागदावर हा आपला मोठा विजय. पण संसदेत आणि बाहेर केवढा गदारोळ झाला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तरीही सरकारने शब्द पाळला आणि निवाडा अमलात आणला.

माझ्या आजोबांनी एकदा बांधाच्या वादात तीन पंच बोलावले होते. पंचांनी दीड गुंठा शेजाऱ्याला दिला, बाकी सगळं आजोबांचं म्हणून सांगितलं. आजोबा शेवटपर्यंत त्या दीड गुंठ्याबद्दलच बोलत असत. वाचलेल्या जमिनीबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कच्छचंही तसंच झालं असावं. त्यानंतर भारताने जमिनीच्या सीमेचा वाद त्रयस्थाच्या हाती देण्याचं टाळलेलंच आहे. १९७२ च्या सिमला कराराने तर धोरणच पक्कं झालं : पाकिस्तानशी जे काही असेल ते आम्ही दोघं बसून सोडवू.

कुलुपं

१९७४ मध्ये भारताने न्यायालयाला नवं घोषणापत्र दिलं. ते वाचताना मला प्रत्येक अटीमागे एक जुनी जखम दिसत होती. अधिकार मान्य, पण युद्ध, चकमकी, स्वसंरक्षण यांच्याशी संबंधित वाद सोडून. देशाच्या सीमांचे वाद सोडून. खटला भरण्याआधी बारा महिन्यांच्या आत ज्याने घोषणापत्र दिलं असेल त्याचा वाद सोडून. ही शेवटची अट कुणामुळे आली, हे आता सांगायला नको. आणि राष्ट्रकुलाचा सदस्य ‘आहे किंवा होता’ अशा देशाशी असलेला वाद सोडून. ‘होता’ का? कारण पाकिस्तान १९७२ मध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडला होता. तो आत असो वा बाहेर, दार बंदच. २०१९ मध्ये घोषणापत्र पुन्हा नवं केलं, पण राष्ट्रकुलाचं कुलूप तिथेच आहे.

ते एकदा चांगलंच उपयोगी पडलं. १० ऑगस्ट १९९९, कारगिलची लढाई नुकतीच संपलेली. कच्छजवळ भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं, त्यातले सोळा जण मेले. पाकिस्तान हेगला गेला. २१ जून २००० ला न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की, हा खटला ऐकण्याचा अधिकारच आम्हाला नाही, भारताची अट आडवी येते. विमान कुठे होतं, चूक कुणाची, हा प्रश्न ऐकलाच गेला नाही. मरणारे सोळा जण पाकिस्तानी होते म्हणून आपल्याला बरं वाटलं. पण दार बंद असलं की आत काय घडलं ते कुणालाच तपासता येत नाही, हेही तितकंच खरं.

उघडी राहिलेली खिडकी

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मॅडम, मग भारताचं धोरण ठरलेलं दिसतंय : कोर्टाची पायरी चढू नये. पण मग २०१७ येतं.

कुलभूषण जाधव. मुंबईचे, नौदलातून निवृत्त झालेले. पाकिस्तान म्हणतो त्यांना बलुचिस्तानात हेर म्हणून पकडलं, भारत म्हणतो त्यांना इराणमधून पळवून नेलं. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. आपल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना त्यांना भेटू द्या, ही मागणी भारत वारंवार करत होता आणि ती नाकारली जात होती. दोघांनी बसून सोडवायचं म्हटलं तर फाशीची तारीख कधी येईल सांगता येत नव्हतं.

८ मे २०१७ ला भारत हेगला गेला. घोषणापत्राचा रस्ता आपणच बंद केलेला. मग गेलो कुठून? १९६३ च्या व्हिएन्ना करारासोबत एक जोडकरार आहे. त्यात लिहिलंय की परदेशात अटक झालेल्या नागरिकाला भेटण्याच्या नियमांवरून वाद झाला तर तो आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेता येईल. भारत आणि पाकिस्तान दोघांचीही त्यावर सही. दार बंद, पण ही खिडकी उघडी होती. नागपूरच्या हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेऊन बाजू मांडली. दहा दिवसांत, १८ मेला, न्यायालयाने एकमताने सांगितलं : आमचा निकाल लागेपर्यंत फाशी देऊ नका.

१७ जुलै २०१९ ला अंतिम निकाल. १५ विरुद्ध १. विरोधातलं एकमेव मत पाकिस्तानने या खटल्यापुरत्या नेमलेल्या न्यायाधीशांचं. चीनच्या न्यायाधीशसुद्धा बहुमतात होत्या.

पण या खटल्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पाकिस्तान कोर्टात म्हणाला, आमच्या दोघांत २००८ चा द्विपक्षीय करार आहे, त्यानुसार सुरक्षेच्या प्रकरणात भेट द्यायची की नाही हे आम्ही ठरवू शकतो. म्हणजे ‘आमचं आमच्यात’ हा आपला नेहमीचा मुद्दा या वेळी पाकिस्तानच्या तोंडी होता! आणि भारत म्हणाला, नाही, जगाने मिळून केलेला करार मोठा, दोघांतल्या कराराने तो कमी करता येत नाही. न्यायालयाने भारताचं ऐकलं. मला यात ढोंग दिसत नाही. वकील ज्याचा त्याचा खटला लढतो, देशही तसेच. पण ‘त्रयस्थ नको’ हे तत्त्व नसून सोय आहे, एवढं यातून कळतं.

मग जाधव सुटले का? नाही. भारताने शिक्षा रद्द करून त्यांना सोडण्याची मागणी केली होती, ती न्यायालयाने मान्य केली नाही. भेटू द्या, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा, एवढाच आदेश. फेरविचार कोणत्या मार्गाने करायचा हे पाकिस्तानवर सोपवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये अधिकाऱ्यांची भेट झाली, २०२१ मध्ये पाकिस्तानने फेरविचारासाठी कायदा केला, आणि माणूस अजून तुरुंगातच. ‘डंका वाजला’ म्हणणाऱ्या मेसेजमध्ये हे नसतं. ‘कुचकामी कोर्ट’ म्हणणाऱ्या मेसेजमध्ये हे नसतं की, तो माणूस जिवंत आहे यात त्या कोर्टाच्या आदेशाचा मोठा वाटा आहे.

आणि ही खिडकी सगळ्यांनी उघडी ठेवलेली नाही बरं का. १९७९ मध्ये तेहरानमध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांना ओलीस ठेवलं तेव्हा अमेरिकेने आपल्या खटल्यात याच जोडकराराचाही आधार घेतला होता. पुढे मेक्सिकोने आपल्या नागरिकांच्या फाशीवरून अमेरिकेविरुद्ध तोच वापरला आणि २००४ मध्ये मेक्सिकोच्या बाजूने निकाल लागला. पुढच्याच वर्षी अमेरिका त्या जोडकरारातून बाहेर पडली. चीनचंही तेच. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूने लवादाचा निवाडा आला, तो चीनने मानलाच नाही. फौजदारी न्यायालयाच्या तर अमेरिका, चीन, रशिया आणि भारत यांपैकी कुणीच सदस्य नाही. १९९८ च्या मतदानात भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला तिथे खास अधिकार का, आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत का नाही, हे भारताचे आक्षेप होते. मला ते वाजवी वाटतात.

पण भारत आणि चीनला एकाच माळेत ओवू नये. २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या हद्दीचा निवाडा लवादाने दिला. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला गेले. तीन चतुर्थांशाहून जास्त! भारताने तो मानला. केरळच्या किनाऱ्याजवळ दोन मच्छीमारांना इटलीच्या नौसैनिकांनी गोळ्या घातल्या, त्या प्रकरणात २०२० च्या निवाड्याने त्या सैनिकांवर भारतात खटला चालणार नाही असं ठरवलं, फक्त भरपाई मिळाली. तो कडू घोटही आपण गिळला. बलाढ्य देशाने लहान शेजाऱ्याविरुद्धचा हरलेला निवाडा पाळणं, ही रोजची गोष्ट नाही. याची बातमी मात्र आतल्या पानावर येते.

मागच्या बाकावरचा प्रश्न

एवढं वाचून मी वर्गात परत गेले. त्या मुलाला म्हटलं, सिंधू कराराचं प्रकरण सांगते. १९६० चा करार, जागतिक बँक मध्यस्थ. वाद झाला तर तांत्रिक प्रश्नासाठी तटस्थ तज्ज्ञ, आणि त्याहून मोठा असेल तर लवाद, अशी पायऱ्यांची व्यवस्था. बगलिहार धरणाचा वाद २००७ मध्ये तज्ज्ञाने बराचसा भारताच्या बाजूने सोडवला. किशनगंगाचा २०१३ मध्ये लवादाने सोडवला : भारताने वीज करावी, पण खाली ठरावीक पाणी सोडावं. दोन्ही वेळा आपण हजर होतो. नंतर किशनगंगा आणि रतले प्रकल्पांच्या रचनेवरून पुन्हा वाद झाला. पाकिस्तानने आधी तज्ज्ञ मागितला, मग बदलून लवाद मागितला. भारत म्हणाला तज्ज्ञच हवा. जागतिक बँकेने २०२२ मध्ये दोन्ही नेमले. एकाच प्रश्नावर दोन पंचायती कशा, असं म्हणून भारत लवादासमोर गेलाच नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने करारच स्थगित ठेवला. तरी लवादाने काम चालू ठेवलं आणि निवाडा दिला, तीच तुमची बातमी.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे निकाल आवडला नाही म्हणून नाही, कोर्टच चुकीचं म्हणून फेटाळला?"

मी म्हटलं, "भारताचं म्हणणं तसं आहे. निकालाच्या आधीपासून आहे."

"पण मॅडम, बापू तारखेला गेले नसते तर?"

"तर एकतर्फी निकाल लागला असता."

"आणि तो पाळावा लागला असता?"

"हो."

"मग भारताला?"

मी खरं तेच सांगितलं. लवाद म्हणतो, गैरहजर राहिल्याने आमचा अधिकार जात नाही, निवाडा दोघांवर बंधनकारक. भारत म्हणतो, जो लवाद नियमाप्रमाणे बसलेलाच नाही त्याचा निवाडा कसला. आणि या दोघांपैकी कोण बरोबर, हे सांगणारा वरचा कोर्ट नाही.

"बापूंना हायकोर्ट आहे," तो म्हणाला आणि वही उघडून बसला. पुढचा तास गणिताचा होता.